बोगनवेलीचा गुलाबी

गुरु., ६ मार्च

चित्रकलेच्या क्लासहून आत्ताच आले. जेवले नाही. कान अजून तापलेले.

नीलिमानं आज चित्र आणलं. इटलीतल्या पुलियातलं गाव, पांढऱ्या पायऱ्या, वर निळं दार, भिंतीवरून उतरणारी बोगनवेल. माझ्या पायऱ्या. माझ्या स्केचबुकातून उचललेल्या. ते स्केचबुक तिनं दिवाळीत 'दोन दिवस बघायला' म्हणून नेलं, ते आजतागायत तिच्याकडेच आहे. आमच्या शिक्षिका फ्राऊ केलर यांनी चित्र वर धरून सगळ्यांना दाखवलं. बारा माना हलल्या. मग नी. नं गोष्ट सांगितली: ती पायरीवर बसली, एक म्हातारी झाडू घेऊन धावून आली, मग त्याच म्हातारीनं आतून खुर्ची आणून दिली, अंजिरं दिली, आणि ही तीन तास बसून चित्र काढत राहिली.

त्या खुर्चीवर मी बसले होते. नी. तेव्हा खाली चौकात चपला घेत होती.

परत येताना ट्राम पुलावर आली आणि सगळी उत्तरं सुचली, नेहमीप्रमाणे. फ्रा. के. म्हणाल्या, हेच मोठ्या कागदावर करा, जूनच्या प्रदर्शनाच्या निमंत्रणावर छापू.

निमंत्रणावर!

शुक्र., ७ मार्च

घडलं तसं लिहून ठेवते. नी. अजून दोनदा सांगेल तर मलाच शंका यायची.

गेला सप्टेंबर. सकाळचे नऊ. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या, मला कळलं नाही, बसले. म्हातारी झाडू घेऊन आली ते बरोबर. मी घाईनं उठले आणि तोंडातून निघालं, "चुकलं हो आजी." मराठीत. का ते देव जाणे. ती थबकली. आत गेली, वेताची खुर्ची घेऊन आली. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. ॲल्युमिनियमच्या ताटलीत पाच अंजिरं. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. काही अडलं नाही.

मग तिनं माझं स्केच पाहिलं आणि भिंतीच्या कोपऱ्यावर बोट ठेवून मान हलवली. माझा हात धरला, खऱ्या कोपऱ्यावरून फिरवला. दरवर्षी स्वतः चुना लावते, थरावर थर. कोपरा उरलेलाच नाही, वापरून गोल झालेल्या साबणासारखा. साताऱ्याला आमच्याकडे दिवाळीआधी चुना काढायचे, तो वास आला. तेव्हापासून मला पांढरी भिंत काढता येते. पांढरा रंग लावायचाच नाही, कागद सोडायचा, आणि कडेची सावली ओल्यातच विरू द्यायची.

नी. च्या चित्रातले कोपरे पट्टीनं आखलेत. थर्मोकोलचं मखर नुसतं.

स्केचबुकाच्या शेवटच्या पानावर म्हातारीनं आपला पत्ता लिहून दिलाय. चित्र पूर्ण झालं की पाठव, असं खुणेनं. मी हो म्हटलंय. वही नी. कडे.

रवि., ९ मार्च

फोन केला. सरळ विचारलं.

"अगं, 'माझ्या मैत्रिणीला' म्हणून सांगितलं की लोकांचं लक्ष उडतं. 'मी' म्हटलं की ऐकतात. गोष्ट तीच ना? एवढं काय त्यात?"

मी म्हटलं, आणि पायऱ्या?

"पायऱ्या काय तुझ्या वडिलांनी बांधल्यात, वसू?" आणि हसली. वही कधी देतेस? "लागेल गं अजून, मोठं चित्र करायचंय ना."

अठ्ठावीस वर्षांची ओळख. माझी कटाची आमटी महाराष्ट्र मंडळाच्या पुस्तिकेत तिच्या नावावर आहे. माझे विनोद ती माझ्यासमोर सांगते आणि मी हसते. इरा झाली तेव्हा चाळीस दिवस रोज मानहाइमहून पूल ओलांडून डबा आणला होता तिनं, डिंकाच्या लाडवांसकट. तेही खरंच आहे. ते आठवलं की राग कमी व्हायला हवा. वाढतो.

गुरु., १३ मार्च

फ्रा. केलरना बाजूला घेऊन सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग, "विषय कुणाच्या मालकीचा नसतो, फ्राऊ आपटे. तुम्हीही काढा की त्याच पायऱ्या. दोन्ही शेजारी लावू."

मागे सिंकवर नी. ब्रश धूत होती. "गेनाऊ," म्हणाली. अगदी बरोबर, म्हणे.

झालं. न्याय मिळाला.

गुरु., २० मार्च

नी. ची बोगनवेल पेरूच्या जॅमसारखी झालीय. तीनदा धुतली, तीनदा लावली, कागद सोलवटला.

"वसू, तुझा तो गुलाबी कुठला गं? एका डबीत भरून दे ना थोडा."

म्हटलं, देते. तिनं मागायचं, मी द्यायचं. सवय.

शनि., २२ मार्च

सकाळी बेडरूमच्या खिडकीत उभी होते. दक्षिणेची खिडकी, आमच्या ह्यांची, श्री. ची प्रयोगशाळा. कंपनीत तीस वर्षं ह्यांनी एकच काम केलं: कुठला रंग उन्हात किती दिवस टिकतो. रिटायर झाले आणि ते काम घरी घेऊन आले. माझ्या प्रत्येक रंगाची एक पट्टी काचेला चिकटवलेली, अर्धी ॲल्युमिनियम फॉइलखाली झाकलेली, अर्धी उन्हात, खाली तारीख. स्वयंपाकघरातही तेच. प्रत्येक डब्याला लेबल. मागे मी जिरेपुडीच्या बरणीत सुंठ भरली तर वास घेऊन गुपचूप लेबल बदललं. बोलणं नाही, विचारणं नाही.

माझ्याकडे गुलाबी दोन. एकाला श्री. 'पक्का' म्हणतात. दुसरा 'झगझगीत', कुणीतरी वाढदिवसाला दिलेला. लावला की असा पेटतो की बघत राहावं. आज त्याची पट्टी पाहिली. फॉइल उचललं तर खाली आग. उन्हातला अर्धा भाग म्हणजे बिटाची भांडी विसळलेलं पाणी. खाली श्री. च्या अक्षरात: "१४ आठवडे. गेला."

पांढऱ्या भिंतीवरच्या सावल्याही निळ्यात हाच गुलाबी मिसळून करायच्या. गुलाबी गेला की उरतो फक्त निळा. भिंत आजाऱ्यासारखी दिसायला लागते. तशा सावल्या नी. ला मीच शिकवल्यात.

खिडकीत उभीच राहिले. चहा उतू गेला तिकडे.

रवि., २३ मार्च

श्री. नदीवर फिरायला गेले तेव्हा उरकलं. दोन छोट्या डब्या. एकीत ट्यूबमधून 'पक्का' पिळला, एकीत 'झगझगीत'. ओले असताना जरा वेगळे दिसतात, वाळल्यावर दोन्ही सारखेच काळपट गुलाबी. श्री. नी छापून ठेवलेली लेबलं डब्यांच्या तळाला लावली. उलटी. 'झगझगीत'च्या बुडाला 'पक्का', 'पक्क्या'च्या बुडाला 'झगझगीत'. 'पक्का' लिहिलेली नी. साठी. वाळायला ओट्याजवळच्या खिडकीत ठेवल्या.

वाटलं होतं मनाला काही लागेल. शिरा केला आणि गरम गरम खाल्ला.

गुरु., २७ मार्च

निघताना घाई, तळाचं लेबल बघितलं, 'पक्का', तीच डबी पर्समध्ये टाकली. नी. ला दिली. तिनं वर्गातच मिठी मारली. "तू म्हणजे ना, वसू. मनात काही ठेवत नाहीस."

नाही ठेवत. डबीत भरते.

बुध., ९ एप्रिल

माझ्या पायऱ्या काढल्या. वही नाही, आठवणीतून. सकाळी दहापासून एकपर्यंत. श्री. नी बिचाऱ्यांनी आपला आपण भात लावला.

भिंत सोडून दिली, कागदच बोलला. कोपरा गोल आला, तिनं हात फिरवून दाखवला होता तस्सा. वेताची खुर्ची काढली, पुठ्ठ्याच्या घडीसकट. आणि आज गुलाबी. कधी नव्हे तो असा उतरला भिंतीवरून, मीच चकित. डबी खरवडून संपवली, गरम पाण्यात धुऊन टाकली.

तीन तास नी. ची आठवण आली नाही. आयुष्यात काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र हे. इथं लिहायला काय हरकत आहे.

गुरु., १५ मे

नी. नं मोठं चित्र आणलं. मखर ते मखरच. पण बोगनवेल पेटलीय. फ्रा. के. चित्र घेऊन खिडकीपाशी गेल्या, "आख, हे तांबूस ऊन बघा!" वगैरे. मीही पुढे होऊन बघितलं. छान, म्हटलं.

पेटू दे. कॅलेंडरवर चौदा आठवडे पुढे पेन्सिलीनं बारीक टिंब केलंय.

रवि., १५ जून

प्रदर्शनाचं उद्घाटन. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी. निमंत्रणावर अर्थात तिचं.

नी. बोलायला उभी राहिली, पैठणी नेसून, छान जर्मनमध्ये. पायरी, झाडू, खुर्ची, अंजिरं. पाच अंजिरांची सात झालीत आता. मग माझ्याकडे हात करून: "माझी मैत्रीण वसुधा पण होती बरोबर. ती बिचारी तेव्हा खाली चौकात चपला घेत होती." लोक प्रेमानं हसले. एक बाई नंतर मला विचारते, मिळाल्या का चांगल्या?

मिळाल्या, म्हटलं.

इरा ब्योब्लिंगेनहून आली होती. नव्या फ्लॅटची किल्ली परवाच मिळालीय, त्याच आनंदात. दोन्ही चित्रांपुढे उभी राहिली. मी मराठीत विचारलं, कुठलं आवडलं? तिनं नेहमीसारखं जर्मनमध्ये उत्तर दिलं. तुझं जास्त नीट आहे आई, पण नीलूमावशीचं जास्त आनंदी आहे.

आनंदी.

नी. नं ऐकलं. "मग घे तुला! नव्या घराला मावशीकडून." इरानं तिच्या गळ्यात हात टाकले. मी सॅलडची डिश धरून उभी.

सोम., १६ जून

श्री. झोपलेत दुपारचे. लिहायला बसलेय.

काल ट्राममध्ये पहिला विचार: बरं झालं. घरातच राहील, येता-जाता बघता येईल उडताना. दुसरा विचार इराच्या बैठकीच्या खोलीचा. तिनं फोनवर फिरवून दाखवलीय. पूर्ण काच, दक्षिणेकडे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंतीवर बिटाचं पाणी. माझ्या मुलीच्या घरात, माझ्या हातचं.

तिसरा विचार श्री. चा. ते इराकडे जातील, चष्मा वर करतील, एका नजरेत ओळखतील कुठला रंग, आणि तो कुणाच्या घरून गेला तेही. बोलणार नाहीत काही. ते बोलले तर बरं, अशी माणसं बोलतच नाहीत.

तरी नी. ला सांगवत नाही. सांगायचं म्हणजे काय? चुकून दिला म्हणू? चुकून दिला नाही. आणि काल तिनं मला चपला घ्यायला पाठवलं.

शुक्र., ११ जुलै

बसवत नाही. लिहिते.

जेवताना श्री. सहज म्हणाले, "अगं, मार्चमध्ये तू त्या गुलाबीचं लेबल चुकीचं लावलं होतंस. विसरलो सांगायचं. मी नीट केलं."

विचारलं, कधी?

"ओट्याजवळच्या खिडकीत होतं ते. ओला ब्रश फिरवून कागदावर बघितलं, रंग निराळा निघाला, लेबल बदललं."

"अहो, पण कधी? मी नीलिमाला डबी दिली त्याच्या आधी की नंतर?"

"तारीख नाही लिहिली बघ." आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसानं तारीख लिहिली नाही.

"डब्या किती होत्या तिथं? एक की दोन?"

बराच वेळ विचार केला त्यांनी. आमटी निवली. "एक होती की दोन, आठवत नाही गं. का?"

शनि., १२ जुलै

डोकं ताळ्यावर आणून मांडते.

दोन डब्या होत्या असं धरलं, तर मी देण्याआधीच श्री. नी लेबलं खरी केली. मी 'पक्का' वाचून उचलली ती खरंच पक्क्याची. नी. ची बोगनवेल तिच्या नातवंडांपर्यंत टिकेल. आणि मी खरवडून खरवडून लावला तो झगझगीत. "कधी नव्हे तो असा उतरला." उतरणारच. माझ्याच अक्षरात लिहून ठेवलंय वर.

एकच डबी होती असं धरलं, तर मी दिल्यानंतर बदललं. मग तिचं उडणार, माझं राहणार.

माझी डबी धुतली, लेबलही पाण्यात गेलं. नी. ला सहज विचारलं, ती डबी आहे का गं? "कुठली डबी?" तिची प्रत्येक वस्तू अशीच हरवते. चित्रं अजून प्रदर्शनाच्या कॉरिडॉरमध्ये, उत्तरेच्या उजेडात. तिथं वर्षभरात काही उडायचं नाही.

काय व्हावं असं वाटतं मला? खरं लिहायचं तर, तिचं उडावं. इराच्या भिंतीवर का होईना, तिचं उडावं. चार महिन्यांनीही तेच. माझं उडालं तर मला सोसणार नाही. ते चित्र मला त्या म्हातारीला पाठवायचंय. तिच्या त्या उन्हात.

गुरु., १७ जुलै

आज वही मिळाली! आपणहून आणून दिली नी. नं. मुखपृष्ठावर कॉफीचं वर्तुळ, मधली दोन पानं सुटलेली. शेवटचं पान आहे. मोठी वाकडी अक्षरं, गल्लीचं नाव, घराचा नंबर.

पत्ता बघताना डोळे भरून आले, तिच्यासमोरच. "काय गं?" म्हणाली. सर्दी, म्हटलं.

सोम., २१ जुलै

श्री. ना विचारलं, पूर्ण चित्रावरून कळेल का कुठला गुलाबी आहे? कारण विचारलं नाही त्यांनी. (माहीत असेल का? चार दिवस माझ्याकडे बघतात आणि पेपर वाचतात.) कपाटातून छोटा टॉर्च काढून दिला, जांभळ्या उजेडाचा. "अंधारात धर. झगझगीत असेल तर निखाऱ्यासारखा पेटेल, पक्का असेल तर काळाच दिसेल. दोन मिनिटांचं काम."

पडदे ओढून खिडकीतल्या पट्टीवर धरून बघितलं. फॉइलखालचा अर्धा भाग पेटला. उन्हातला मेलेला.

शुक्र., २५ जुलै

उद्या चित्रं उतरवायची. इमारत सांभाळणारा हाउसमाइस्टर अकराला दार उघडणार. इरा गाडी घेऊन येतेय, नी. चं चित्र तिथूनच थेट ब्योब्लिंगेनला जाणार. शेवटच्या टोकाला, कोट टांगायच्या खोलीत खिडकी नाही. दार लावलं की अंधार. तिथं आधी कुठलं चित्र न्यायचं ते ठरत नाहीये. आणि तिचं पेटलं तर बाहेर येऊन इराला काय सांगायचं. आणि माझं पेटलं तर कुणाला.

दुपारी नी. चा फोन.

"वसू, उद्या जरा लवकर ये हं. फ्रेम उतरवायला तूच हवीस, मला जमत नाही. आणि ऐक, तू रागावली होतीस ना पायऱ्यांवरून? मला कळतं गं. म्हणून इराच्या चित्राच्या मागे मी तुझं नाव घातलंय."

माझं नाव? काय लिहिलंस?

"लिहिलंय, 'बोगनवेलीचा गुलाबी रंग वसुधा आपटे यांजकडून.' खरं तेच लिहिलं. त्या चित्रात तोच तर जीव आहे, सगळे म्हणतात."

खुर्ची तिची, अंजिरं तिची, झाडू तिचा. माझ्या नावावर काय केलं तर तेवढंच.

ती म्हणाली, "ऐकतेस ना? चांगल्या पक्क्या शाईनं लिहिलंय हं. ते काही उडायचं नाही."

आणि हसली. तिचं नेहमीचं हसू होतं की निराळं, इतक्या वर्षांनी मला सांगता येत नाही.

टॉर्चमध्ये नवा सेल घातलाय. पर्समध्ये ठेवला. साडेदहाची ट्राम.